चांदीपुरा मेंदूज्वर: वाळूमाशी, लहान मुलांचा ताप आणि हातात असलेले थोडे तास

पावसाळा लागला की विदर्भातल्या दवाखान्यांत तापाच्या मुलांची रांग लागते. त्यातल्या बहुतेकांचा ताप साधा असतो, दोन-चार दिवसांत उतरतो आणि मूल पुन्हा खेळायला लागते. पण एखाद्या घरात वेगळेच घडते. संध्याकाळपर्यंत अंगणात खेळणारे मूल रात्री तापाने फणफणते, पहाटे त्याला झटके येतात आणि सकाळी हाक मारली तरी ते डोळे उघडत नाही. घरचे गोंधळून जातात, कारण आदल्या दिवशी मूल अगदी चांगले होते.

इतक्या वेगाने बिघडणाऱ्या तापाच्या कारणांपैकी एक आहे चांदीपुरा विषाणू. या विषाणूचा शोध आपल्या नागपुरात लागला आणि त्याला नावही इथल्याच गावाचे मिळाले. तो पसरवते डासापेक्षाही लहान असलेली वाळूमाशी, जिला सँडफ्लाय म्हणतात. हा आजार काय आहे, त्यात वेळ का महत्त्वाचा आहे आणि डासांसाठी आपण जे उपाय करतो ते या माशीला का पुरत नाहीत, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

• चांदीपुरा हा विषाणूमुळे होणारा मेंदूचा आजार आहे. तो प्रामुख्याने १५ वर्षांखालील मुलांना होतो.
• तो वाळूमाशीच्या चावण्यातून पसरतो. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.
• वाळूमाशी पाण्यात वाढत नाही. ती ओलसर माती, भिंतीच्या भेगा, गोठा आणि शेणखताच्या जागी वाढते.
• या आजारावर खास औषध किंवा लस नाही. वेळेवर रुग्णालयात मिळणारे आधार-उपचार जीव वाचवू शकतात.
• तापासोबत झटका, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

चांदीपुरा हे नाव कुठून आले?

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली होती. त्या वेळी शहरात चिकुनगुन्या आणि डेंग्यूचे रुग्ण होते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे, रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासत होते. त्यांतल्या दोन रुग्णांच्या रक्तात चिकुनगुन्या किंवा डेंग्यूपेक्षा वेगळाच विषाणू सापडला. तो आधी कुठेही नोंदलेला नव्हता. भट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि गावाच्या नावावरून त्याला चांदीपुरा हे नाव मिळाले.

पुढे १९७० साली औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर भागात पकडलेल्या वाळूमाश्यांमध्ये हा विषाणू सापडल्याचे जाहीर झाले आणि तो कोण पसरवते याचा मोठा धागा हाती आला. तरीही अनेक वर्षे हा साधा ताप आणणारा विषाणू मानला जात होता. २००३ सालच्या पावसाळ्यात हा समज मोडला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यांतली १८३ मुले दगावली. तपासात चांदीपुरा विषाणू आढळला. त्याच काळात महाराष्ट्रातही रुग्ण सापडले. पुढच्या वर्षी गुजरातच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत उद्रेक झाला.

२००७ साली तो पुन्हा नागपूर विभागात दिसला. त्या उद्रेकात मेंदूज्वराचे ७८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी ३९ जणांमध्ये चांदीपुराची खात्री झाली. नंतर नागपूर भागातून पकडलेल्या वाळूमाश्यांतही हा विषाणू मिळाला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये गेल्या वीस वर्षांतला सर्वांत मोठा उद्रेक झाला. म्हणजे हा विषाणू मध्य आणि पश्चिम भारतात टिकून आहे. काही वर्षे तो शांत असतो आणि मग एखाद्या पावसाळ्यात डोके वर काढतो.

गावाचे नाव विषाणूला मिळाले म्हणून त्या गावात किंवा नागपुरातच जास्त धोका आहे, असे समजू नका. विषाणू जिथे पहिल्यांदा सापडतो, त्या जागेचे नाव त्याला देण्याची तेव्हा पद्धत होती.

वाळूमाशी कशी असते?

नावात वाळू असली तरी ती वाळूत राहते असे नाही. तिचा रंग वाळूसारखा फिकट, मातकट असतो. लांबी साधारण दीड ते साडेतीन मिलिमीटर, म्हणजे डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. अंगावर बारीक केस असतात. बसली की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे धरते. डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे ती जवळ आल्याचे कळत नाही.

तिला फार लांब किंवा उंच उडता येत नाही. ती टुणटुण उड्या मारल्यासारखी, जमिनीलगत उडते. दिवसा भिंतीच्या भेगा, अंधारे कोपरे, गोठा, लाकडे-गोवऱ्यांचा ढीग अशा जागी लपून बसते. अंधार पडल्यावर बाहेर येते. चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते.

ती अंडी घालते ओलसर आणि कुजक्या मातीत: गोठ्याच्या जमिनीत, शेणखताजवळ, भिंतीच्या तळाशी असलेल्या भेगांत, उंदरांच्या बिळांत, वारुळांत. तिच्या अळ्या तिथले कुजलेले पान, शेण, कचरा खाऊन वाढतात. अंड्यापासून माशी होईपर्यंत साधारण महिना किंवा त्याहून जास्त वेळ जातो. पावसाने माती ओली झाली आणि हवा दमट-उबदार राहिली की तिला सगळे अनुकूल होते. म्हणून जून ते सप्टेंबर हे महिने सांभाळायचे.

डासांचे उपाय इथे अपुरे का पडतात?

दवाखान्यात पालकांना वाळूमाशीबद्दल सांगितले की बहुतेक जण म्हणतात, "पण डॉक्टर, आमच्या घरी कुठेच पाणी साचलेले नाही." डेंग्यूसाठी हे उत्तर चांगले आहे, चांदीपुरासाठी नाही.

डासांच्या अळ्या साचलेल्या पाण्यात वाढतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळणे, टाक्यांत गप्पी मासे सोडणे, पाण्यात अळीनाशक टाकणे हे उपाय डेंग्यू-मलेरियासाठी फार उपयोगाचे आहेत आणि ते चालूच ठेवावेत. पण वाळूमाशीच्या अळ्या पाण्यात नसतातच. गप्पी मासे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

इंटरनेटवर माशीचे फोटो शोधणारे काही जण ब्लॅकफ्लाय आणि वाळूमाशी यांत गोंधळतात. ब्लॅकफ्लाय ही वेगळी माशी आहे. ती काळपट, पाठीला कुबड असलेली असते आणि दिवसा चावते. तिच्या अळ्या वेगाने वाहणाऱ्या ओढ्यांत, दगडांना चिकटून वाढतात. आफ्रिकेत ती एका जंताचा प्रसार करते आणि त्यातून माणसाला अंधत्व येऊ शकते. आपल्या देशात हिमालय, ईशान्य भारत, पश्चिम घाट अशा डोंगराळ भागांतल्या ओढ्यांवर ब्लॅकफ्लाय आढळतात. त्यांच्या चाव्याने खाज आणि सूज येते, पण चांदीपुरा पसरवणारी माशी ती नव्हे.

या दोन माश्यांतला फरक एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ बायोको नावाचे बेट आहे. तिथे ब्लॅकफ्लायचा एक प्रकार होता, जो फक्त त्याच बेटावर सापडत असे. तिच्या अळ्या बेटावरच्या ओढ्या-नद्यांतच होत्या, त्यामुळे वाहत्या पाण्यात ठरावीक ठिकाणी अळीनाशक सोडून २००५ साली ती बेटावरून पूर्ण संपवता आली. कुठे मारा करायचा हे नक्की माहीत होते. वाळूमाशीच्या बाबतीत असे करता येत नाही. तिची पैदास गावातल्या शेकडो भेगांत, गोठ्यांत आणि उकिरड्यांत विखुरलेली असते. एका जागी औषध टाकून ती संपत नाही. म्हणूनच घराघरातली काळजी इथे जास्त मोलाची ठरते.

शरीरात काय होते?

चांदीपुरा विषाणू रेबीजच्या विषाणूच्या कुळातला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दिसतात. नाते एवढेच. चांदीपुरा म्हणजे रेबीज नव्हे आणि तो कुत्रा चावल्याने होत नाही.

वाळूमाशी चावल्यावर विषाणू रक्तात जातो. अनेकांना त्यातून काहीच होत नाही किंवा दोन-तीन दिवसांचा साधा ताप येतो. या भागातल्या अनेक प्रौढांच्या रक्तात चांदीपुराविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात, म्हणजे त्यांना नकळत कधीतरी संसर्ग होऊन गेलेला असतो. पण काही लहान मुलांमध्ये विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो. मेंदूला सूज येते. कवटी हाडाची असल्याने सुजलेल्या मेंदूला फैलावायला जागा मिळत नाही, आतला दाब वाढतो आणि शुद्ध, श्वास, रक्तदाब यांवरचे मेंदूचे नियंत्रण बिघडते. आधी ताप, मग झटके आणि त्यानंतर बेशुद्धी असा क्रम बऱ्याच मुलांमध्ये दिसतो तो यामुळे.

हा सगळा प्रवास फार जलद होतो. आतापर्यंतच्या उद्रेकांत दगावलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचा मृत्यू लक्षणे सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांत झाला आहे. "आज औषध देऊन बघू, उद्या फरक नाही पडला तर मोठ्या दवाखान्यात नेऊ" हा नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

तापाच्या मुलात काय पाहायचे?

ताप किती चढला यापेक्षा ताप उतरल्यावर मूल कसे दिसते, हे जास्त सांगून जाते. पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या-एक तासाने ताप थोडा कमी झाला की साध्या तापाचे मूल पाणी मागते, आईकडे झेपावते, खेळण्याकडे हात नेते. मेंदूवर परिणाम झालेले मूल ताप उतरला तरी मलूलच राहते.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर ताबडतोब रुग्णालयात न्या, रात्र असली तरी:

• झटका येणे, हातपाय आखडणे, डोळे फिरवणे
• खूप गुंगी, उठवूनही नीट जागे न होणे
• आईवडिलांना न ओळखणे, असंबद्ध बडबड, अचानक विचित्र वागणे
• पुन्हा पुन्हा उलट्या, काहीही पोटात न टिकणे
• तान्ह्या बाळाने अंगावर पिणे बंद करणे, सतत किंचाळल्यासारखे रडणे, टाळू फुगणे
• मान ताठ होणे, मोठ्या मुलाने असह्य डोकेदुखी सांगणे
• हातपाय गार पडणे, श्वास जलद किंवा अडखळत चालणे

काही मुलांना सुरुवातीला उलट्या आणि जुलाब होतात. त्यामुळे "पोट बिघडले असेल" असे वाटून वेळ जातो. जुलाबासोबत तीव्र ताप आणि गुंगी असेल तर फक्त पोटाचा आजार समजू नका. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर इतर कोणतेही लक्षण नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरी झटका आला तर

झटका पाहून कोणाचाही धीर सुटतो. तरी पुढच्या गोष्टी क्रमाने करा.

१. मुलाला सपाट जागेवर एका कुशीवर झोपवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.
२. गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा.
३. घड्याळ पाहा. झटका किती मिनिटे चालला हे डॉक्टरांना सांगायचे आहे.
४. तोंडात काहीही घालू नका: पाणी, औषध, चमचा, बोट काहीच नाही.
५. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. त्याने झटका थांबत नाही.
६. कोणालातरी लगेच १०८ ला फोन करायला सांगा. गाडी घरची असेल तर निघायची तयारी करा.

नेतानाही मुलाला कुशीवरच ठेवा आणि सोबत शक्यतो दोन मोठी माणसे असू द्या, एक गाडी चालवायला आणि एक मुलाकडे लक्ष ठेवायला.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या काही मुलांना कोणत्याही तापात झटका येऊ शकतो. तो बहुतेकदा निरुपद्रवी असतो आणि मूल थोड्या वेळाने पूर्ववत होते. पण हा झटका तसाच आहे की मेंदूज्वराचा, हे घरी बसून ठरवता येत नाही. म्हणून पावसाळ्यातल्या तापात झटका आला तर, आधी कधी तसा आला असला तरी, मुलाला दाखवायलाच हवे.

कुठे न्यावे?

गावात असाल तर आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. झटका थांबवणे, ऑक्सिजन देणे, रक्तातली साखर तपासणे ही पहिली मदत तिथे मिळू शकते आणि मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास मुलाला झेपतो. तिथून बालकांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी पाठवले जाते. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये तसेच एम्स आहे. खासगी बालरुग्णालय जवळ असेल तर तिथे अतिदक्षता विभागात जागा आहे का, हे निघतानाच फोनवर विचारा, म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात फिरावे लागणार नाही.

आशाताईंचा नंबर घरात लिहून ठेवा. गावातून रुग्णवाहिका बोलावणे, आरोग्य केंद्राला कळवणे ही कामे त्या लवकर करू शकतात.

रुग्णालयात काय केले जाते?

पालकांचा पहिला प्रश्न असतो, "नक्की काय झाले आहे?" त्याचे उत्तर लगेच मिळेलच असे नाही. चांदीपुरासाठी रक्त किंवा पाठीच्या मणक्यातले पाणी तपासतात. त्यात विषाणूचा अंश आहे का हे आरटी-पीसीआर चाचणीने पाहतात किंवा प्रतिपिंडांची चाचणी करतात. हे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळेत पाठवावे लागू शकतात. अहवाल यायला वेळ लागतो, पण उपचार अहवालासाठी थांबत नाहीत.

मणक्यातून पाणी काढायचे म्हटले की अनेक जण घाबरतात. त्याने अपंगत्व येते, हा गैरसमज आहे. कमरेच्या खालच्या भागात, जिथे मज्जारज्जू संपलेला असतो, तिथून बारीक सुईने थोडे पाणी घेतात. मेंदूत जिवाणूंचा संसर्ग आहे की विषाणूचा, हे ठरवायला ही तपासणी फार उपयोगी पडते. मेंदूवरचा दाब जास्त असेल तर डॉक्टर स्वतःच ती पुढे ढकलतात.

मेंदूज्वरासारखी लक्षणे इतर आजारांतही दिसतात: जपानी मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया, जिवाणूंमुळे होणारा मेनिन्जायटिस, डेंग्यू, स्क्रब टायफस. यांतल्या मलेरिया, मेनिन्जायटिस आणि स्क्रब टायफसवर नेमकी औषधे आहेत. म्हणून सुरुवातीला डॉक्टर या आजारांच्या तपासण्या करतात आणि शंका असल्यास त्यांची औषधेही सुरू करतात. "विषाणूचा आजार आहे म्हणता, मग अँटिबायोटिक कशाला?" या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

चांदीपुरावर विषाणू मारणारे सिद्ध औषध अजून नाही. पण याचा अर्थ उपचारच नाहीत असा नव्हे. झटके थांबवणे, मेंदूची सूज आणि दाब कमी करणारी औषधे, ऑक्सिजन, गरज पडल्यास व्हेंटिलेटर, सलाइन मोजून देणे, साखर आणि रक्तदाब सांभाळणे हेच इथले खरे उपचार आहेत. शरीर विषाणूशी लढेपर्यंत मेंदूला जपणे हा त्यांचा हेतू असतो. मूल जितके लवकर पोहोचते, तितका त्यांचा उपयोग जास्त.

सुरुवातीचे गंभीर दिवस पार करणारी बरीच मुले चांगली बरी होतात. काहींमध्ये हातापायांत अशक्तपणा, झटके, बोलण्यात किंवा वागण्यात फरक काही काळ राहू शकतो. म्हणून घरी सोडल्यावरही सांगितलेल्या तारखांना दाखवत राहा आणि झटक्याचे औषध स्वतःहून बंद करू नका.

बातम्यांतले आकडे कसे समजून घ्यावेत?

उद्रेक झाला की मोठे आकडे कानावर येतात आणि भीती वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीनुसार २०२४ साली जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले ८२ दगावले. पण या २४५ पैकी चांदीपुराची खात्री झाली ती ६४ जणांमध्ये, ६१ गुजरातचे आणि ३ राजस्थानचे. बाकीच्यांना मेंदूज्वर होता, पण कारण वेगळे असू शकते किंवा सापडले नसू शकते.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, चांदीपुरा हा दुर्मिळ आजार आहे. पावसाळ्यात तापलेल्या प्रत्येक मुलाला तो नसतो आणि सरसकट घाबरून जाण्याचे कारण नाही. दुसरी, कारण कोणतेही असो, ताप आणि मेंदूची लक्षणे एकत्र आली तर कृती एकच: ताबडतोब रुग्णालय. आजाराचे नाव नंतर कळले तरी चालते.

वाळूमाशीपासून बचाव

घर आणि अंगण:

• भिंती आणि जमिनीतल्या भेगा, बिळे माती, चुना किंवा सिमेंटने बुजवा. सुरुवात मुले झोपतात त्या खोलीपासून करा.
• गोठा रोज स्वच्छ आणि शक्य तितका कोरडा ठेवा. शेणखताचा खड्डा आणि उकिरडा घरापासून दूर न्या.
• गोवऱ्या, लाकडे, विटा, भंगार यांचे ढीग घराच्या भिंतीला लागून ठेवू नका.
• घरात उजेड आणि हवा खेळू द्या. अंधारे, ओलसर कोपरे तिला आवडतात.

झोपताना:

• मुलांना गोठ्याजवळ किंवा थेट जमिनीवर झोपवण्यापेक्षा खाटेवर झोपवा. माशी जमिनीलगत उडते, उंचीने थोडा फायदा होतो.
• साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून वाळूमाशी आत शिरू शकते. बारीक छिद्रांची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी वापरा.
• पंखा असेल तर चालू ठेवा. वाऱ्यात तिला नीट उडता येत नाही.
• संध्याकाळनंतर मुलांना पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला. कीटक दूर ठेवणारे मलम तान्ह्या बाळाला लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

फवारणी:

आरोग्य विभागाची फवारणी आली की घराच्या आतल्या भिंती आणि गोठाही फवारून घ्या. माशी भिंतीवर बसते तेव्हा ते औषध तिला मारते. म्हणून फवारणीनंतर भिंती लगेच सारवू किंवा रंगवू नका. शेण-मातीचा नवा थर चढला की औषध त्याखाली झाकले जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. सणाआधी सारवायचे असेल तर ते फवारणीच्या आधी उरका. धुरळणीने उडत्या माश्या काही प्रमाणात मरतात, मातीतल्या अळ्यांना त्याने काही होत नाही.

पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

*शेजारच्या मुलाला चांदीपुरा झाला आहे. माझ्या मुलाला लागेल का?*
त्या मुलाजवळ बसल्याने, त्याचे भांडे वापरल्याने किंवा खोकल्यातून हा आजार लागत नाही. पण तुमच्या परिसरात विषाणू असलेल्या वाळूमाश्या आहेत, एवढे त्यातून कळते. आरोग्य केंद्राला कळवा, फवारणीची मागणी करा आणि पुढचे काही आठवडे मुलांच्या तापाकडे जास्त लक्ष ठेवा.

*आम्ही शहरात पक्क्या घरात राहतो. आम्हाला धोका आहे का?*
मातीची घरे आणि गोठे असलेल्या ग्रामीण भागाच्या तुलनेत कमी. पण शहराच्या कडेच्या वस्त्या, जवळचे गोठे, बांधकामाचा ओला ढिगारा अशा जागा शहरातही असतात. शिवाय सुटीत मूल गावी जाऊन आले असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

*काळा आजारही याच माशीमुळे होतो ना?*
काळा आजारही वाळूमाशीच्याच एका जातीमुळे पसरतो, पण त्याचा जंतू वेगळा आहे. तो प्रामुख्याने बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेशच्या काही भागांत आढळतो. त्यात ताप आठवडेच्या आठवडे राहतो आणि प्लीहा वाढते. चांदीपुरा काही तासांत बिघडतो.

*ताप आल्यावर घरी कोणते औषध द्यावे?*
फक्त पॅरासिटामॉल, तेही मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. त्याने विषाणूच्या तापात मेंदू आणि यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतो. ताप असताना मुलाला जाड गोधडीत गुंडाळू नका, पाणी आणि अंगावरचे दूध चालू ठेवा.

*लस कधी येईल?*
संशोधन सुरू आहे, पण आज लस उपलब्ध नाही. कोणी चांदीपुराची लस किंवा काढा विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मात्र जपानी मेंदूज्वराची लस वेगळी असते. तुमच्या जिल्ह्यात ती दिली जात असेल तर मुलाला जरूर द्या.

शेवटी

या पावसाळ्यात दोन गोष्टी करून ठेवा. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन मुले झोपतात त्या खोलीच्या भिंती, कोपरे आणि मागचा गोठा एकदा पाहा, भेगा दिसल्या तर बुजवा. आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दिवसभर मुलांजवळ असणाऱ्या आजी-आजोबांना, सांगून ठेवा: ताप आणि त्यासोबत झटका किंवा गुंगी असेल तर कोणाला विचारत बसायचे नाही, आधी १०८ ला फोन करायचा.

*ही माहिती सर्वसाधारण जागृतीसाठी आहे. तुमच्या मुलाच्या तपासणीला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याला ती पर्याय नाही.*